पाप आणि कृपा

चैत्री पौर्णिमा जवळ आली म्हणजे वणीच्या रस्त्यांना माणसांचा पूर येतो. नाशिककडून, खानदेशांतून, गुजरातच्या सीमेवरील खेड्यांतून पायीं चालत आलेले यात्रेकरू सप्तशृंगाच्या डोंगराकडे वळतात. गडावर साडेतीन पीठांपैकीं अर्धें पीठ मानलेली अठरा हातांची देवी आहे. २०१८ पासून गडावरील गांवांतून देवळापर्यंत जाण्यास यांत्रिक गाडीची सोय झालेली आहे. तथापि पायऱ्या चढून जाणारांची संख्या आजहि कांहीं थोडी नाहीं. कोणी नवस फेडण्यास जातो, कोणी मूल मागण्यास जातो, आणि कोणी मनावरचें ओझें उतरविण्यास जातो.

अशा एका यात्रेकरूची कल्पना करावी. हा वणीच्या शिवारांतील शेतकरी आहे. पंधरा वर्षांपूर्वीं त्याचा भाऊ वारला. भावाचें शेत त्याच्या शेताला लागून. दरवर्षीं नांगरटीच्या वेळीं त्यानें विधवा भावजयीच्या बाजूचा बांध वीतभर कोरला. एक वीत जमीन ती काय! परंतु पंधरा वर्षांच्या पंधरा विती झाल्या, आणि भावजय एक शब्द बोलली नाहीं. हा गृहस्थ दर चैत्रांत गड चढतो, नारळ फोडतो, डोळे मिटून हात जोडतो. उतरतांना त्याचें मन हलकें झालेलें असतें. पण घरीं येऊन सकाळीं तो शेतावर गेला कीं तोच बांध त्याच्यासमोर उभा असतो.

श्रोतेहो, या माणसाच्या मनांत जे तीन प्रश्न आहेत तेच आजच्या विषयाचे तीन भाग होत. चांगलें काय हें ठाऊक असूनहि माणूस तें करीत कां नाहीं? केलेल्या वाइटाची फेड स्वतःच्या कष्टांनीं होते काय? आणि होत नसेल, तर त्याला वाट कोणती? हे प्रश्न कोणत्याहि एका धर्माचे नाहींत. परंतु वणीपासून चाळीसएक किलोमीटरांवर, नाशिकच्या शरणपुरांत, दीडशें वर्षांहून अधिक काळ ख्रिस्ती मराठी कुटुंबें राहत आलीं आहेत, आणि त्यांच्या धर्मानें या प्रश्नांना एक विशिष्ट उत्तर दिलेलें आहे. शेजाऱ्याच्या घरांत कोणता विचार चालतो हें समजून घेणें हें सुशिक्षित माणसाचें कर्तव्यच होय. श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्याचा येथें हेतु नाहीं.

प्रथम पापाचा विचार करूं. बायबलच्या जुन्या करारांत पापासाठीं जो प्रमुख हिब्रू शब्द येतो, आणि नव्या करारांत त्यासाठीं जो ग्रीक शब्द योजलेला आहे, त्या दोहोंचा मूळ अर्थ नेम चुकणें असा आहे. तीर सुटला, पण लक्ष्याला लागला नाहीं. माणूस देवासाठीं व शेजाऱ्यासाठीं निर्माण झाला. तो स्वतःकडेच वळला. हा चुकलेला नेम म्हणजे पाप. म्हणून ख्रिस्ती विचारांत पाप म्हणजे केवळ चोरी, खोटें बोलणें किंवा मारहाण अशीं सुटीं कृत्यें नव्हेत. तीं कृत्यें हीं फळें आहेत. झाड निराळें आहे.

वर्गांतील एखादा मुलगा शेजाऱ्याची दौत चुकून सांडतो. तेवढ्यानें कांहीं बिघडत नाहीं. पण मास्तर विचारतात तेव्हां तो म्हणतो, "मीं नाहीं." मग तें खोटें टिकविण्यासाठीं दुसऱ्या मुलाकडे बोट दाखवितो. त्या दुसऱ्याला छडी बसते, आणि तेव्हांपासून पहिला मुलगा त्याच्या नजरेला नजर देत नाहीं. यांत पाप नक्की कोठें आहे? सांडलेल्या शाईंत तर नाहींच. खोट्या शब्दांत आहे, पण तेवढ्यांतच नाहीं. दोन मुलांमध्यें, आणि मुलगा व मास्तर यांच्यामध्यें, जी भिंत उभी राहिली तिच्यांत तें आहे. आदम आणि हव्वा यांच्या कथेंतहि फळ खाल्ल्यानंतर तीं दोघें लपतात, आणि विचारल्यावर एकमेकांकडे व सर्पाकडे बोट दाखवितात, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कथेचा भर फळावर नाहीं. तुटलेल्या नात्यावर आहे.

मग दुष्टता आली कोठून? या प्रश्नानें सर्वांत अधिक छळलेला ख्रिस्ती विचारवंत म्हणजे ऑगस्टीन. याचा जन्म इ. स. ३५४ मध्यें उत्तर आफ्रिकेंत, आजच्या अल्जीरिया देशांत झाला. तरुणपणीं सुमारें नऊ वर्षें तो मानीच्या पंथांत होता. जगांत प्रकाश व अंधार अशीं दोन तत्त्वें असून त्यांचें अखंड युद्ध चाललें आहे, असें तो पंथ शिकवी. हें मत सोयीचें असतें. कारण त्यांत आपल्या हातून घडलेलें वाईट आपलें राहतच नाहीं, तें अंधाराचें होतें. ऑगस्टीनानें पुढें हें मत सोडलें. दुष्टता ही स्वतंत्र वस्तु नव्हे, चांगल्याचा ऱ्हास म्हणजेच दुष्टता, असें तो म्हणूं लागला. दृष्टि ही वस्तु आहे, अंधत्व ही वस्तु नव्हे; तें दृष्टीचें नसणें आहे. तसेंच हें.

आपल्या आत्मवृत्तांत त्यानें लहानपणची एक चोरी सांगितली आहे. कांहीं मुलांनीं रात्रीं एका झाडाचीं नासपतीचीं फळें चोरलीं. त्यांना भूक नव्हती. घरीं त्याहून चांगलीं फळें होतीं. तीं त्यांनीं डुकरांपुढें टाकलीं. मोठमोठ्या अपराधांचा हिशेब सोडून हा धर्मगुरु या क्षुल्लक चोरीवर कां अडला? कारण तिला कांहींहि निमित्त नव्हतें. गरजेनें केलेली चोरी समजतें. केवळ करूं नये म्हणून करण्यांत वाटलेला आनंद, आणि एकट्यानें न केलेली पण सोबत्यांबरोबर सहज झालेली ती गोष्ट, हीच त्याला भयंकर वाटली.

सप्तशृंगाच्या कथेंत महिषासुर बाहेर उभा आहे. देवी त्याचा वध करते आणि जग मोकळें होतें. ख्रिस्ती कथेंतहि सैतान आहे. परंतु त्याला शिरण्यास दार पाहिजे, आणि तें दार माणूस आंतून उघडतो. अर्थात् देवीच्या कथेचाहि, महिष म्हणजे माणसाच्या आंतील मद, असा अर्थ अनेक भाविक लावतात. दोन्ही परंपरा येथें एकमेकींना दिसतील इतक्या जवळ येतात.

आतां ज्या मताविषयीं सुशिक्षितांत सर्वांत अधिक गैरसमज आहे त्याकडे वळूं. तें मत म्हणजे आदिपाप. तान्हें मूलहि पापी असें ख्रिस्ती लोक मानतात, हें किती क्रूर! असा आक्षेप पुष्कळदां ऐकूं येतो. याविषयीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली अशी कीं, सर्व ख्रिस्ती पंथांचें यावर एकमत नाहीं. आदमाच्या अपराधाचा दोष वारशानें येतो असें पूर्वेकडील प्राचीन चर्चें मानीत नाहींत. मरण आणि दुर्बळता मात्र वारशानें येतात असें तीं शिकवितात. दुसरी गोष्ट अशी कीं, पश्चिमेकडील चर्चेंहि माणूस मुळांत वाईट आहे असें म्हणत नाहींत. माणूस देवाच्या प्रतिरूपांत निर्माण झाला, हें बायबलच्या पहिल्याच अध्यायांतील मत आहे. तें प्रतिरूप विद्रूप झालें, पुसलें गेलें नाहीं. आदिपाप म्हणजे मूल ज्या घरांत जन्मतें त्या घराची हवाच बिघडलेली असणें. मूल जन्मतें तेव्हां भांडणें, भेदाभेद, मानापमान, कर्ज, हें सर्व त्याच्या आधींच घरांत हजर असतें. तें बोलूं लागतें तेव्हां त्या घराचीच भाषा बोलतें.

ऑगस्टीनाच्याच काळीं पेलागियस नांवाच्या एका तपस्व्यानें याच्या उलट बाजू मांडली. माणसाला देवानें बुद्धि दिली आहे, इच्छाशक्ति दिली आहे, आज्ञाहि दिल्या आहेत. मग मनापासून प्रयत्न केला तर माणूस निष्पाप कां राहूं शकणार नाहीं? हें म्हणणें कोणाहि शाळामास्तराला पटेल. "मेहनत कर, म्हणजे येईल," हेंच तो जन्मभर मुलांना सांगत असतो. परंतु इ. स. ४१८ मध्यें कार्थेज येथें भरलेल्या धर्मसभेनें पेलागियसचें मत अमान्य केलें. ऑगस्टीनाचें उत्तर थोडक्यांत असें होतें कीं, माणसाला अडचण ज्ञानाची नाहीं, प्रेमाची आहे. धडा पाठ असतो. तो आचरावा असें आंतून वाटत नाहीं, आणि तें वाटणें केवळ हुकुमानें उत्पन्न होत नाहीं. वणीच्या त्या शेतकऱ्याला बांध कोरणें वाईट आहे हें कोणी शिकवावयास नको. तें त्याला गेलीं पंधरा वर्षें ठाऊकच आहे.

हा विचार मराठींत प्रथम विस्तारानें मांडला तो फादर थॉमस स्टीफन्स यांनीं. हे इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आले, आणि १६१६ सालीं त्यांचें 'क्रिस्तपुराण' छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून आदमाचें पतन, ख्रिस्ताचा जन्म, मरण आणि पुनरुत्थान येथपर्यंत सर्व कथा आलेली आहे. परदेशांतील माणसानें ओवीचें माहेर ओळखलें हें जितकें नवल, तितकेंच नवल त्यानें निवडलेल्या शब्दांचें. स्वर्गाला त्यानें वैकुंठ म्हटलें. पाप, मोक्ष, कृपा हे शब्द संतांच्या अंगणांतून उचलले.

परंतु शब्द उचलला म्हणजे त्याच्याबरोबर त्याच्या आठवणीहि येतात. मराठी माणसानें पाप म्हटलें कीं त्याच्या तोंडीं लगेच पुण्य येतें. पाप आणि पुण्य हीं आपल्याकडे जमाखर्चाच्या वहींतील दोन बाजूंसारखीं आहेत. एकीकडे वाढलें तर दुसरीकडे घालून तोल सांभाळावा. ख्रिस्ती विचारांत पापाच्या समोरच्या रकान्यांत पुण्य नाहीं. तेथें कृपा आहे. पुण्य मिळवावें लागतें, कृपा मिळविली तर ती कृपाच राहत नाहीं. ऋणको फेडूं शकत नाहीं हें धनकोला कळतें, आणि तो स्वतः तोटा सोसून वही फाडून टाकतो. ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणाचा ख्रिस्ती लोक जो अर्थ करतात त्याचा गाभा हा आहे. क्षमा फुकट मिळते, पण ती फुकट नसते. देणाराला तिची किंमत पडलेली असते. ज्या बापानें एखाद्या उधळ्या मुलाला पुन्हां घरांत घेतलें असेल, त्याला ही गोष्ट निराळी समजवावी लागणार नाहीं.

ही कल्पना मराठी मनाला सर्वस्वीं परकी होती असें नाहीं. विठ्ठलाला पतितपावन म्हणणारे संत स्वतःला पतित म्हणवून घेतांना कधीं लाजले नाहींत. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस ख्रिस्ती झाले; आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलों असें ते सांगत. त्यांच्या अभंगांतून व भजनांतून मराठी ख्रिस्ती मंडळी कृपेचें गीत आजहि गातात, तें बऱ्याच अंशीं वारकऱ्यांच्या सुरांत.

परंतु विचार जेव्हां माणसाच्या आयुष्यांत उतरतो तेव्हांच त्याची परीक्षा होते. त्यासाठीं दोन मराठी स्त्रियांकडे पाहूं.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान् पुराणिक होते. सारें कुटुंब वर्षानुवर्षें तीर्थयात्रा करीत हिंडलें. स्नानें, उपवास, दानें, पारायणें, यांत कोठेंहि कसूर झाली नाहीं. पुढें १८७० नंतरच्या दुष्काळी वर्षांत वडील, आई व थोरली बहीण अन्नावांचून थोड्या थोड्या अंतरानें गेलीं. त्या श्रद्धावान् माणसांच्या कष्टांची थट्टा कोणी करूं नये. रमाबाईंनींहि ती केली नाहीं. पण एवढें करूनहि शांति कां लाभली नाहीं, हा प्रश्न त्यांच्या मनांत राहिला.

१८८३ सालीं त्या इंग्लंडला गेल्या. तेथें वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयानें त्या राहत होत्या. या भगिनींनीं लंडनजवळ फुलहॅम येथें, समाजानें वाळींत टाकलेल्या स्त्रियांसाठीं एक घर चालविलें होतें. अशा स्त्रियांना कोणी मायेनें वागवितें, त्यांच्यांतल्या कांहीं इतक्या बदलतात कीं पुढें आजाऱ्यांची सेवा करूं लागतात, हें रमाबाईंनीं तेथें प्रथमच पाहिलें. आपल्याकडे अशा स्त्रीला दगड आणि शिव्या यांवांचून दुसरें कांहीं मिळत नाहीं, हें त्यांना ठाऊक होतें. हें तुम्ही कां करतां, असें त्यांनीं विचारलें. तेव्हां एका भगिनीनें त्यांना ख्रिस्त आणि विहिरीवरची शोमरोनी स्त्री यांची गोष्ट वाचून दाखविली. ज्या बाईशीं कोणी बोलूं नये तिच्याजवळ ख्रिस्त पाणी मागतो, आणि खऱ्या उपासनेविषयीं तिच्याशींच बोलतो. त्याच वर्षीं सप्टेंबरमध्यें रमाबाईंचा आणि त्यांच्या कन्येचा बाप्तिस्मा झाला.

तेवढ्यानें सर्व मिटलें असें मात्र झालें नाहीं. रमाबाई कोणाचें ऐकून गप्प बसणाऱ्या नव्हत्या. धर्ममतांवरून भगिनींशीं त्यांचे कडाक्याचे वाद झाले. पुढें त्यांनींच लिहून ठेवलें आहे तें असें कीं, आपल्याला ख्रिस्ती धर्म १८८३ त सांपडला, ख्रिस्त मात्र आठ वर्षांनीं, १८९१ त सांपडला. तोंवर त्या बुद्धीनें पटलेल्या गोष्टी पाळीत होत्या. आपणहि क्षमा मागणारांच्याच रांगेंत आहों, हें त्यांना नंतर उमगलें. पंडितेला ही रांग सोपी नसते.

त्यांच्या धर्मांतरानें महाराष्ट्र दुखावला, हें सांगितलें नाहीं तर कथन अपुरें राहील. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस काढलेलें, पुढें पुण्यास हलविलेलें शारदासदन याच वादांत सांपडलें, आणि आरंभींचे अनेक साहाय्यकर्ते दूर झाले. दुखावलेल्यांची बाजू अगदींच अनाठायी होती असें म्हणतां येणार नाहीं. परंतु १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत शेंकडों अनाथ मुली व विधवा यांना त्यांनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत आणलें. तेथें त्यांनीं, जिला समाज पतित म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवीत असे तिच्यासाठीं, एक निराळें घर उघडलें. त्याला नांव दिलें 'कृपासदन'. ज्या शब्दावर धर्मपंडितांनीं शेंकडों पानें लिहिलीं, त्या शब्दाचा अर्थ त्या घराच्या दारावर दोनच शब्दांच्या समासांत लिहिलेला होता. १९०५ सालीं मुक्तिसदनांत प्रार्थनेची मोठी लाट आली, आणि मुली रडतरडत आपले अपराध बोलून दाखवूं लागल्या. त्या प्रसंगाचा अर्थ कोणीं कसाहि लावो. पण ज्यांच्यावर इतरांनींच आजन्म अन्याय केला होता, त्यांनाहि आपल्या वांट्याचें खरें बोलून टाकण्यांत मोकळेपण वाटलें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

दुसरी स्त्री लक्ष्मीबाई टिळक. यांचें माहेर नाशिकजवळच्या जलालपुरचें. वडिलांना सोवळ्याचें इतकें वेड कीं बाजारांतून आलेली वस्तु धुतल्यावांचून घरांत घ्यावयाची नाहीं. मग ती धुण्याजोगी असो वा नसो. 'स्मृतिचित्रें' या त्यांच्या आत्मचरित्रांतील हा भाग वाचतांना हंसूं येतें, आणि थोड्या वेळानें हंसूं थांबतें. विटाळ बाहेरून येतो अशी भीति एकदां बसली कीं धुण्याला अंत राहत नाहीं. माणसाला विटाळविणारें तें बाहेरून आंत जात नाहीं, अंतःकरणांतून बाहेर येतें, असें ख्रिस्तानें शिकविलें, तें अशाच धुण्याच्या वादांत.

टिळक ख्रिस्ती झाले तेव्हां लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. कांहीं वर्षें पतिपत्नी वेगळीं राहिलीं. मग त्या पतीकडे आल्या, पण आपलें सोवळें घेऊन. आणि एके दिवशीं त्यांच्याच मनाशीं उजाडलें कीं, माणसें देवानें केलीं, जाती माणसांनीं केल्या. त्या दिवसापासून त्या कोणाच्याहि हातचें पाणी घेऊं लागल्या. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पतीनें आपल्याला न विचारतां एवढें मोठें पाऊल टाकलें, याचा हिशेब त्यांना आयुष्यभर मांडतां आला असता. त्यांनीं तो मांडला नाहीं. खोड्या काढल्या, थट्टा केली, चुकलें तेथें चुकलें म्हटलें, आणि टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' पुढें चालविलें. कृपा ही देवळांतच उतरते असें नाहीं; पुष्कळदां ती स्वयंपाकघरांत, रागाचा शब्द गिळतांना उतरते.

येथपर्यंत एकेकट्या माणसाच्या पापाचा विचार झाला. परंतु कांहीं दुष्टता एकट्याची नसते. ती व्यवस्थेंत मुरलेली असते. एकोणिसाव्या शतकांत हिंदी महासागरांतील गुलामांच्या गलबतांतून सोडविलेलीं कांहीं आफ्रिकी मुलें मुंबईस उतरविलीं जात, आणि त्यांतलीं पुष्कळ नाशिकच्या शरणपुरांत वाढलीं. सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणें-वाचणें तीं तेथें शिकलीं. त्यांपैकीं जेकब वेनराइट हा पुढें आफ्रिकेंत गेला. १८७३ सालीं डॉ. लिव्हिंग्स्टन वारले तेव्हां त्यांचा देह समुद्रकांठापर्यंत वाहून नेणाऱ्या मंडळींत तो होता, आणि १८७४ सालीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्यें तो देह पुरला गेला तेव्हां शवपेटीबरोबर चालणारांतहि तो होता. ज्याला विकण्यासाठीं पकडलें, त्यानेंच एका गोऱ्या माणसाला सन्मानानें घरीं पोंचविलें.

ही हकीकत सांगतांना दुसरी बाजू लपवूं नये. गुलामांचा व्यापार करणारांत ख्रिस्ती राष्ट्रेंहि होतीं. गोव्यांत १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ सोडल्यास, धर्मन्यायासनाचा जाच चालला. तोहि ख्रिस्ताच्याच नांवानें. सर्व माणसें पापी आहेत असें जो शिकवितो, त्यानें त्या 'सर्वां'त स्वतःची गणना प्रथम केली पाहिजे. तसें न केल्यास हेंच मत दुसऱ्याला हिणविण्याचें हत्यार बनतें. इ. स. २००० च्या १२ मार्चला पोप दुसरे जॉन पॉल यांनीं चर्चच्या लेकरांनीं शतकानुशतकें केलेल्या अपराधांबद्दल रोममध्यें उघड क्षमा मागितली. ती फार उशिरां मागितली असें म्हणतां येईल. परंतु ज्या धर्माचा आरंभच क्षमा मागण्यापासून होतो त्याला ती मागणें शोभलें.

तसेंच, दुःख दिसलें कीं तें भोगणाराच्या पापाचें फळ म्हणण्याची घाई ख्रिस्ती शास्त्र मान्य करीत नाहीं. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनीं विचारलें, पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? ख्रिस्तानें दोन्ही नाकारलीं. आंधळ्याची चौकशी थांबवून त्यानें त्याला दृष्टि दिली.

शेवटचा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे. क्षमा फुकटच मिळावयाची असेल तर माणूस पाप कां सोडील? हा प्रश्न पहिल्या शतकांत पौलापुढेंच आला होता, आणि त्यानें तो आवेशानें झिडकारला. पुढें पैसे घेऊन पापाच्या शिक्षेची माफी देणारीं पत्रें विकलीं जाऊं लागलीं, तेव्हां १५१७ सालीं लूथर उठला. त्यावरून चर्च दुभंगलें. १९९९ च्या ३१ ऑक्टोबरला ऑग्सबर्ग येथें रोमन कॅथलिक आणि लूथरपंथी यांनीं एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. माणूस स्वतःच्या गुणांनीं नव्हे, कृपेनें स्वीकारला जातो, आणि ती कृपा त्याला सत्कृत्यांसाठीं जागें करते, हें त्यांत दोघांनीं मान्य केलें. सत्कृत्य ही कृपेची किंमत नव्हे. तो तिचा परिणाम आहे. आधीं पाऊस, मग पीक.

बायबलांत जक्कय नांवाच्या एका जकातदाराची गोष्ट आहे. लोकांना नाडून तो श्रीमंत झाला होता. ख्रिस्ताला पाहण्यासाठीं तो झाडावर चढला. ख्रिस्तानें त्याला ना उपदेश केला, ना हिशेब विचारला. तुझ्या घरीं आज मुक्काम आहे, एवढेंच सांगितलें. गांव कुरकुरलें. जक्कय मात्र उभा राहून म्हणाला कीं, अर्धी मालमत्ता गरिबांना देतों, आणि ज्याला नाडलें त्याला चौपट परत करतों. इतकीं वर्षें गांवाच्या तिरस्कारानें जें झालें नाहीं तें एका भेटीनें झालें.

आतां वणीच्या त्या शेतकऱ्याकडे पुन्हां येऊं. तो गड उतरून घरीं आला आहे. समजा, त्याच संध्याकाळीं भावजयीनें त्याच्या घरीं पुरणपोळीचें ताट पाठविलें. पंधरा विती तिला ठाऊक आहेत. तरीहि ताट आलें. तें ताट पाहून माणूस दोन गोष्टी करूं शकतो. तिला कांहींच कळलेलें नाहीं असें मानून तो स्वस्थ जेवूं शकतो. किंवा त्याचा घांस अडूं शकतो. घांस अडला, तर कृपेनें त्याला गांठलें असें ख्रिस्ती माणूस म्हणेल. दुसरा कोणी त्याला सद्बुद्धि म्हणेल, तिसरा देवीचा प्रसाद म्हणेल. नांवाविषयीं वाद असूं शकेल. परंतु तें ताट रिकामें परत जाऊं नये, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या गृहस्थानें फावडें व दोरी घेऊन, भावजयीला समोर उभी करून, बांध पूर्वींच्या जागीं घालावा, याविषयीं मात्र वाद होण्याचें कारण दिसत नाहीं.